वीस मार्कांचा प्रसाद

«सर, करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात मी १४ वर्षं नववी-दहावीला गणित-विज्ञान शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. आमचाच एक विद्यार्थी आता शिरोलीला फौंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, चालवतो. जेवताना म्हणाला, 'बाई, तुमच्या हातचा ८८ टक्क्यांचा पोरगा डिप्लोमा करून माझ्याकडं आला. ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हटलं, हे जॉबवर, म्हणजे बनवायच्या भागावर, कुठं आहे दाखव, तर दाखवता येईना. आणि ५२ टक्क्यांचा आयटीआय करून आला, तो आज माझी मशीन सांभाळतोय. मग मी मार्कलिस्ट कशाला बघू?' ते मनाला लागलं. म्हणून या फेब्रुवारीत विज्ञानाचे अंतर्गत २० गुण जसे दिसले तसे दिले. कुणाला १४, कुणाला ११, एका मुलीला तर ९. दुसऱ्या दिवशी पालक शाळेत. 'पोरानं तुमचं काय वाकडं केलंय बाई?' मुख्याध्यापक म्हणाले, निकाल खाली आला तर संस्थेला उत्तर तुम्ही द्या. संध्याकाळपर्यंत मी सगळे आकडे बदलले. माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडं मूल कॉलेजला आणि नोकरीला तयार झालं का, हे बघणाऱ्या परीक्षा असतात. आपल्याकडं असं कधी होणार? बोर्डाला पत्र लिहू का? की माझंच चुकलं?»

— एक बाई, करवीर

बाई,

तुम्ही दिलेले मार्क खरे होते. पण दिले चुकीच्या महिन्यात. माझं सगळं उत्तर एवढंच आहे, बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

आणि आकडे बदलले म्हणून स्वतःला फार टाकून बोलू नका. मी ३१ वर्षं हेच दोन विषय शिकवले आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं ती यादी कशी भरली ते आज पहिल्यांदा लिहितोय. फेब्रुवारीतली दुपार, प्रयोगशाळेतला पंखा कुरकुरतोय, समोर ६४ नावं. १९, १८, १९, २०, १८. सगळे एकसारखे दिसू नयेत म्हणून मधेच एखादा १७ टाकायचा. तो १७ कुणाच्या वाट्याला? ज्याच्या जर्नलला कव्हर नाही त्याच्या. एका वर्षी यादी सही करून दिल्यावर क्लार्कनं हळूच येऊन सांगितलं, सर, हजेरीतला २३ नंबर डिसेंबरातच दाखला काढून गेलाय. त्याला मी १९ दिले होते.

तेव्हा मी त्याला मार्क म्हणत नव्हतो, प्रसाद म्हणत होतो. रांगेत उभा राहील त्याला मिळणार, हात पुढं केला की झालं. सगळीकडं तसंच चालायचं आणि मुलांचं भलं होतंय असंच आम्ही मानायचो.

या विसाची ताकद किती असते ते २०१९ ला सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले, पुस्तकंही नवी होती. निकाल आला ७७.१० टक्के. केवढा गहजब झाला आठवतंय ना? मग ते २० गुण परत आले आणि २०२० ला निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी लॉकडाउनमुळं भूगोलाचा पेपरच झाला नाही, तोही हातभार धरा.) २०२१ ला तर परीक्षाच नव्हती आणि निकाल होता ९९.९५. एका वर्षात बारा टक्के पोरं मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्के हुशार झाली, असं कुणी म्हणेल का? मुलं तीच, तुमच्या-माझ्या हातातलं पेन तेवढं वर-खाली झालं.

म्हणजे तुमच्या त्या फौंड्रीवाल्याचा प्रश्न बरोबरच आहे. मार्कलिस्टवर बोर्डाचे ८० आणि आपले २० एकत्र होऊन एकच आकडा छापून येतो. त्यातला पेपरातला किती आणि प्रसादातला किती, हे त्यालाच काय, मलाही सांगता येणार नाही.

आता तुमच्या ११ कडं येतो. समजा तुमच्या वर्गातल्या एका मुलाला तुम्ही खरे ११ दिले आणि शेजारच्या गावातल्या शाळेनं तसल्याच मुलाला १९. आठ मार्कांचा फरक. बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये, म्हणजे सगळ्यात चांगल्या पाच विषयांच्या बेरजेत, ५०० पैकी ८ म्हणजे १.६ टक्के. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन गुणवत्ता यादीनं होतात. शहरातल्या चांगल्या कॉलेजच्या यादीत दीड टक्क्यात केवढी पोरं बसतात ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्या खरेपणाची किंमत त्या मुलानं भरली असती, आणि प्रसाद वाटणाऱ्या शाळेचा मुलगा त्याच्या जागेवर बसला असता. पालक ओरडले ते आडमुठेपणानं नव्हे. त्यांचा सूर चुकला असेल, हिशेब चुकला नव्हता.

मग काय, पुन्हा १९, १८, १९? नाही.

ते २० मार्क कापायचे नसतात, कमवायला लावायचे असतात. आणि कमवायला फेब्रुवारीतला एक दिवस पुरत नाही, जूनपासून जानेवारीपर्यंतचे आठ महिने लागतात. बोर्डाच्या ८० मध्ये प्रश्न त्यांचा, वेळ त्यांचा, तपासणारा त्यांचा. दोन-दोन तासांचे दोन पेपर, मूल चुकलं की चुकलं. या विसात मात्र प्रश्न तुमचा, वेळ तुमची आणि 'जमलं नाही? जा, परवा परत ये' म्हणायची मुभाही तुमची. सगळ्या दहावीत एवढीच एक जागा आहे जिथं मुलाला दुसऱ्यांदा येता येतं, आणि आपण ती एका दुपारी यादी भरून संपवतो.

बोर्डानं सांगितलेले प्रयोग, वही, जर्नल यांच्या चौकटीतच राहा, बाहेर जायची गरज नाही. फक्त त्यातून 'हाताला आलं पाहिजे' अशी दहा कामं निवडा. जूनमध्ये ती वर्गाच्या भिंतीवर लावा. प्रत्येक कामाला दोन मार्क. मुलानं एकट्यानं, तुमच्या समोर ते करून दाखवायचं. जमलं तर दोन, नाही तर पुन्हा यायचं. नोव्हेंबरात चौथ्या खेपेला जमलं तरी पूर्ण दोन. उशिराबद्दल काही कापायचं नाही. फेब्रुवारीत तुमच्या यादीवर पुन्हा १८-१९ च दिसतील, निकाल खाली येणार नाही, मुख्याध्यापकांना संस्थेपुढं उभं राहावं लागणार नाही. आकडे तेच, फक्त त्यांच्यामागं काहीतरी असेल.

दहा कामं कोणती, हे मी सांगू नये. तुमचं गाव तुम्हाला माहीत. पण मी केलेली दोन-तीन सांगतो.

पहिलं भिंगाचं. दहावीत भिंगांचा धडा आहे, सूत्र सगळ्यांना पाठ असतं. एका वर्षी मी वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाला एक बहिर्वक्र भिंग दिलं आणि म्हटलं, याचं नाभीय अंतर काढ. त्यानं लगेच विचारलं, 'सर, यू आणि व्ही किती?' म्हणजे वस्तूचं आणि प्रतिमेचं भिंगापासूनचं अंतर. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, भिंग तुझ्या हातात आहे. तो भिंग डोळ्याला लावून माझ्याकडं बघत राहिला. मागच्या बाकावरचा एक जण उठला. हा एरवी बापाच्या चष्म्याच्या काचेनं वाळकं गवत पेटवणारा. खिडकीसमोरच्या भिंतीशी जाऊन त्यानं भिंग पुढं-मागं केलं. भिंतीवर खिडकीचं उलटं चित्र आलं, गज आणि बाहेरचं नारळाचं झाड सुद्धा. तो म्हणाला, 'पट्टी द्या.' मोजलं तर साधारण १० सेंटिमीटर. पहिल्या नंबरच्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्याला राग आला नव्हता, तो चकित झाला होता. ते सूत्र एका खऱ्या काचेबद्दल आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दुसरं ऊसबिलाचं. तुमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत ऊस असणार. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचाच किमान दर, अशी: १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. आता मुलाला विचारा, कारखान्याचा उतारा १२.२५ असेल तर टनाला किती? दोन टक्के म्हणजे वीस टप्पे, वीसनं ३.४६ ला गुणलं की ६९.२०, क्विंटलला ४२४.२०, टनाला ४,२४२. यातून तोडणी-वाहतूक वजा झाली की बापाच्या खात्यावर येणारा आकडा. गणितात शंभरपैकी पंच्याण्णव घेणारी पोरं इथं अडकतात, कारण १०.२५ पासून १२.२५ पर्यंत ०.१ चे किती टप्पे हे कुठल्याच गाइडात सोडवून दिलेलं नसतं. आणि एक सांगू? ज्या पालकानं तुम्हाला 'काय वाकडं केलंय' विचारलं, त्यालाच जुलैत एक तास वर्गात बोलवा. बिलाची पावती घेऊन या म्हणावं, पोरांना समजावून सांगा. तो येईल. आणि पुढच्या फेब्रुवारीत तो तुमच्या बाजूनं भांडेल.

शेतीपंपाचंही तसंच. ५ एचपीची मोटार, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आठ तास चालली तर किती युनिट? कागदावर तीसच्या आसपास येतात. मीटर त्याहून जास्त दाखवतो, आणि 'जास्त का?' या प्रश्नावर एक आख्खा तास निघतो. (साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाची वीज आता मोफत आहे, त्यामुळं बिलाकडं कुणी बघत नाही. वीज मोफत असली तरी गणित जळतंच की.)

तिसरं तुमच्या माजी विद्यार्थ्याच्या घरचंच. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून ग्रे आयर्न या ओतीव लोखंडासाठी पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, लांबीत साधारण एक टक्का मोठा ठेवतात. म्हणजे कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग) ५०० मिलिमीटरचं हवं तर पॅटर्न ५०५ चा. हे शिरोलीत, उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात रोज चालतं. मुलांना विचारा, लांबी एक टक्का वाढली तर घनफळ किती टक्के वाढेल? वर्ग एका आवाजात म्हणेल, 'एक टक्का!' मग १.०१ ला १.०१ नं आणि पुन्हा १.०१ नं गुणायला लावा. तीन टक्क्यांच्या थोडं वर जातं. लांबी बदलली की क्षेत्रफळ आणि घनफळ वेगळ्या चालीनं बदलतं, हे दहावीच्या भूमितीत समरूपतेपासून महत्त्वमापनापर्यंत येतंच. मुलं प्रमेय घडाघडा म्हणतात, पण ते शिरोलीच्या रस्त्यावर भेटलं तर ओळखत नाहीत. त्या ५२ टक्केवाल्याला आज ते प्रमेय म्हणता येणार नाही, पण पॅटर्न हातात घेतल्यावर त्याला ते कळतं. मला दोघंही अर्धेच वाटतात. फौंड्रीवाल्याला एक अर्धा उपयोगी पडला म्हणून तुमचा दुसरा अर्धा फुकट गेला असं नव्हे, हे त्यालाही सांगा.

आता तुमच्या मावसभावाची अमेरिका. २०१० पासून तिथं 'कॉलेज आणि करिअरला तयार' हा शब्दप्रयोग फार चालला. बऱ्याच राज्यांनी भाषा-गणिताची समान मानकं घेतली, त्यावर नव्या परीक्षा बेतल्या. पण तिकडं सगळं मार्गी लागलंय असं समजू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ ला लोकांनी मतदान करून, शाळा पास व्हायला राज्याची परीक्षा पास झालीच पाहिजे, ही अट काढून टाकली. न्यूयॉर्कनंही आपल्या जुन्या रीजंट्स परीक्षेची सक्ती टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरवलंय. त्यांचंही अजून भांडण चालूच आहे.

पण त्यांच्याकडची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. एसीटी म्हणून तिथं कॉलेज प्रवेशाची परीक्षा आहे. तिच्यात प्रत्येक विषयाला एक रेषा आखलेली असते, गणिताची २२ ची. ही रेषा कुणा समितीनं 'एवढे बरे वाटतात' म्हणून आखलेली नाही. एवढे गुण मिळवलेल्या मुलांचं पुढं कॉलेजच्या पहिल्या वर्षी काय झालं, ते मागं जाऊन बघितलं. ज्या गुणांवर पहिल्या वर्षाच्या त्या विषयात 'बी' किंवा वरची श्रेणी मिळायची शक्यता निम्मी असते, तिथं ती रेषा. आपला ३५ कुठल्या रेषेवरून आला? पस्तीसवाल्याचं पुढं काय झालं, हे बघून तो कुणी ठरवला असेल असं मला तरी वाटत नाही.

हे काम तुम्ही शंभर पानी वहीत करू शकता, बोर्डाची परवानगी लागत नाही. दहावी होऊन दोन वर्षं झालेल्या बॅचला फोन लावा. साठ पोरं, रोज चार फोन, पंधरा दिवस. चार रकाने आखा: दहावीला गणित-विज्ञानात किती, कुठं गेला, पहिल्या वर्षी कशात अडकला, आणि शाळेत काय शिकवायला हवं होतं असं त्याला वाटतं. कळंबा रस्त्याच्या आयटीआयला गेलेला वेगळं सांगेल, डिप्लोमाचा वेगळं, बारावी सायन्सची मुलगी वेगळं. काहींनी शिक्षण सोडलेलं असेल, त्यांना तर आधी फोन लावा. वही शाळेतच ठेवा, नावं बाहेर सांगू नका. तीन बॅचेस झाल्या की तुमच्या शाळेबद्दल बोर्डापेक्षा तुम्हाला जास्त कळेल, आणि भिंतीवरची ती दहा कामं कोणती असावीत हे मला विचारायची गरज उरणार नाही.

'कॉलेज आणि करिअर' असं एका दमात म्हणतात, त्याबद्दलही माझी तक्रार आहे. एकच परीक्षा दोन्ही दाखवू शकेल यावर माझा विश्वास नाही. आपली इंजिनिअरिंग प्रवेशाची सीईटी बघा. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. चार पर्याय, चुकलं तरी मार्क कापत नाहीत, मग शेवटच्या मिनिटाला टिकटिकटिक. इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी त्यावर लागते. बारावीला सर्वसाधारण गटातल्या मुलानं ४५ टक्के पाडले की झालं. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ३० गुण असतात, पण यादीत त्यांना कोण विचारतं? म्हणून पोरं खेड्यातल्या कॉलेजात कागदावर असतात आणि शहरात क्लासला बसतात. प्रयोगशाळेचं कुलूप परीक्षेच्या आठवड्यात निघतं. फौंड्रीत जॉब मापात बसला नाही तर चार पर्याय नसतात. तिथं 'का बसला नाही' हा एकच प्रश्न असतो आणि त्याला तीन दिवस लागू शकतात.

वरून बदल येत नाहीत असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बोर्डाची परीक्षा घोकंपट्टीपेक्षा मूळ क्षमता बघणारी करा, मुलाला दुसरी संधी द्या, असं स्पष्ट लिहिलंय. मूल्यमापनासाठी २०२३ ला 'परख' नावाची यंत्रणा दिल्लीत उभी राहिली. सीबीएसईनं आपल्या पेपरात निम्मे प्रश्न क्षमतेवर आधारित केले आणि २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षात दोनदा घ्यायचं ठरवलं. चांगलंच आहे. पण माझा अनुभव असा की पेपर बदलला की सहा महिन्यांत त्याचं गाइड येतं. आपल्या मराठीच्या पेपरात प्रश्नांऐवजी कृती आल्या, त्याची कृतिपत्रिका झाली तेव्हा मी खूश झालो होतो. त्यात 'स्वमत' आलं, मुलानं स्वतःचं मत लिहायचं. पुढच्याच वर्षी एका गठ्ठ्यात चाळीस मुलांचं स्वमत अक्षरशः एकच होतं. स्वल्पविरामासकट.

भिंग मात्र पाठ करता येत नाही. म्हणून मी तुम्हाला त्या विसाकडं वळवतोय.

बोर्डाला पत्र लिहा, पण दोन वर्षांनी, हातात वही घेऊन, आणि एकट्यानं नको. मुख्याध्यापकांची सही असू दे, आसपासच्या चार शाळा असू देत. कोल्हापूर विभागीय मंडळाकडं सांगली, सातारा आणि आपला जिल्हा येतो, एवढ्या टापूत तुमच्यासारखे बाया-बापे निघतीलच. मागणी एकच करा: मार्कलिस्टवर लेखी ८० आणि शाळेचे २० वेगवेगळे छापा. मागणी नवी नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी शिक्षण आयोगानंही शाळेच्या मूल्यमापनाची नोंद बोर्डाच्या प्रमाणपत्रापासून वेगळी ठेवून सोबत जोडावी, असंच सुचवलं होतं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठामागचा माणूस. साठ वर्षं होत आली. पत्रात त्यांचं नाव घालाच, कोल्हापूरच्या ऑफिसात ते वाचलं जाईल.

तोवर शाळेपुरतं एक करा. दहावीनंतर आपण दाखला देतो त्यात प्रगती 'समाधानकारक' आणि वर्तणूक 'चांगली'. आजवर कुणाची वर्तणूक 'चांगली'शिवाय काही लिहिलेली मी बघितली नाही, तो गवत पेटवणारा धरून. त्या दाखल्यासोबत शाळेच्या लेटरहेडवर एक पान द्या. त्याला प्रमाणपत्र वगैरे म्हणू नका, साधं पत्र. भिंतीवरच्या दहा कामांतली या मुलानं कोणती करून दाखवली, एवढीच यादी. 'सर्किट जोडून फ्यूज का उडाला ते सांगतो. ऊसबिल तपासतो. पट्टीनं मोजून प्रमाणात आकृती काढतो.' तुमच्या फौंड्रीवाल्याला मार्कलिस्टऐवजी ते पान दाखवा आणि विचारा, याचा उपयोग होतो का. नाही म्हणाला तर अकरावं काम कोणतं हवं ते त्यालाच सांगू दे, आणि साहित्याचा खर्चही त्याच्याच माथी मारा. मेळाव्यात जेवला आहे तो.

सहकारी लगेच सोबत येतील अशी अपेक्षा ठेवू नका. पहिल्या वर्षी एक जण मिळाला तरी पुष्कळ, मराठीच्या बाई मिळाल्या तर उत्तम. मशीनवरची सूचना वाचून ती जोडीदाराला आपल्या शब्दांत सांगता येणं, हे मराठीचंच काम आहे.

राहता राहिली ती ९ वाली मुलगी. तिच्याबद्दल तुम्ही अर्धं वाक्य लिहिलंत, पण पत्र मिटल्यापासून माझ्या डोक्यात तीच आहे. पैजेवर सांगतो, तिचं जर्नल वर्गात सगळ्यात सुंदर असणार. आकृत्या पेन्सिलीनं टोकदार, समास लाल रेघेचा. आठ जणांच्या गटात भिंग एक, ते दोन पोरांच्या हातात, आणि 'तुझं अक्षर चांगलंय, तू लिही' म्हणून वही तिच्याकडं. दहा प्रयोग तिनं लिहिले, एकालाही हात लावला नाही. माझ्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं असंच चाललं आणि मला ते निवृत्त झाल्यावर दिसलं. तिची परीक्षा झाली असेल, निकालही लागेल. तरी तिला एकदा शाळेत बोलवा. प्रयोगशाळा उघडा, भिंग आणि पट्टी तिच्या एकटीच्या हातात द्या, खिडकीसमोरच्या भिंतीशी उभं करा आणि तुम्ही बाहेर जाऊन थांबा. भिंतीवर चित्र आणायला तिला किती वेळ लागला, ते मला कळवा.